विश्लेषण : डीएमएलटी की पदवी? लॅब टेक्निशियन होण्याचा खर्च नेमका कधी वसूल होतो?

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडसमोरच्या होर्डिंगवर दोन-तीन चेहरे हमखास बदलतात. नीटच्या क्लासचे टॉपर उतरतात आणि त्यांच्या जागी पांढरा ॲप्रन घातलेली, हातात टेस्ट ट्यूब धरलेली मुलगी येते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : ‘पॅरामेडिकल प्रवेश सुरू, १०० टक्के नोकरीची हमी’. एमबीबीएसचे गुण पडले नाहीत, नर्सिंगला जायचे नाही, नुसते बीएस्सी करून काय होणार, असा विचार करणाऱ्या घरांसाठी ही जाहिरात असते. नोकऱ्या आहेत, हे खरेच. पण कोणता अभ्यासक्रम, किती वर्षे आणि किती पैसे, यावर पुढची दहा वर्षे ठरतात.

रस्ते किती?

वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करण्यासाठी राज्यात प्रामुख्याने तीन वाटा आहेत. पहिली, बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डीएमएलटी हा डिप्लोमा. दुसरी, पदवी : बीएस्सी एमएलटी किंवा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी. बीपीएमटी तीन वर्षांची असून त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप असते. ती फक्त लॅबपुरती नाही. एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, कॅथ लॅब, रक्तपेढी, एंडोस्कोपी अशा अनेक शाखा तिच्यात आहेत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही ती शिकवली जाते. तिसरी वाट जुनी आणि आता काहीशी विस्मरणात गेलेली : गावाजवळच्या महाविद्यालयातून साधी बीएस्सी आणि मग एक वर्षाचा डीएमएलटी.

होर्डिंगवर दिसते ती बहुतेक वेळा पहिली वाट. कारण उघड आहे. दोन वर्षांत मुलगा कमावता होतो, हे पालकांना सांगायला सोपे जाते.

हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे गणितासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या संस्थेचे शुल्क आणि आपल्या शहराचे भाडे घालून ते बदलून घ्यावेत.

समजा, खासगी संस्थेत दोन वर्षांच्या डीएमएलटीचे एकूण शुल्क दीड लाख. खोली आणि मेस मिळून महिना साडेसात हजार, वर्षाचे दहा महिने, म्हणजे दोन वर्षांचे आणखी दीड लाख. एकूण तीन लाख. हे सगळे कर्जातून उभे केले आणि १० टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता साधारण ६,३७५ रुपये पडतो. शिकत असतानाचे व्याज यात धरलेले नाही. पहिली नोकरी १२ हजारांची मिळाली, तर निम्म्याहून अधिक पगार हप्त्यात जातो. उरलेल्यात शहरात राहणे जवळपास अशक्य. म्हणून अनेक मुले गावाकडच्या लॅबमध्ये परततात, तिथे पगार आणखी कमी असतो.

आता पदवी. समजा, शुल्क वर्षाला ६० हजार, तीन वर्षांचे १ लाख ८० हजार. चार वर्षांचे राहणे-जेवणे तीन लाख. एकूण ४ लाख ८० हजार. पण खरा खर्च इथे संपत नाही. डिप्लोमावाला मित्र दोन वर्षे आधी कमवायला लागला आहे. १२ हजारांनी त्याचे दोन वर्षांत २ लाख ८८ हजार झाले. हे पैसे पदवीवाल्याच्या खिशातून गेले नाहीत, पण आलेही नाहीत. दोन्ही फरक धरले तर पदवी ४ लाख ६८ हजारांनी महाग पडते. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळाले, तर तेवढे वजा करायचे.

पदवीमुळे महिन्याला चार हजार रुपये जास्त मिळाले, तर ही तूट भरून निघायला जवळजवळ दहा वर्षे लागतात. आठ हजार जास्त मिळाले, तर पाच वर्षांच्या आत. थोडक्यात, छोट्या खासगी लॅबमध्येच काम करायचे असेल, तर केवळ पगाराच्या फरकावर पदवीचा खर्च समर्थनीय ठरवणे अवघड आहे. अशा लॅबचा मालक डिप्लोमा आणि पदवी यांत फारसा भेद करत नाही. नस पटकन सापडते का, मशिनचे कॅलिब्रेशन येते का आणि सकाळी सातला हजर राहतो का, एवढेच तो पाहतो.

मग पदवी कशासाठी?

पात्रतेसाठी. सार्वजनिक आरोग्य विभागात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदाची वेतनश्रेणी ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. वर महागाई भत्ता आणि घरभाडे. वरच्या गणितातील १२ हजारांशी याची तुलनाच होत नाही. मात्र या पदासाठी विज्ञान शाखेची पदवी आणि त्याच्या जोडीला डीएमएलटी मागितला जातो. बारावीनंतरचा नुसता डिप्लोमा घेतलेल्यांना ही गोष्ट बहुतेक वेळा भरतीचा अर्ज भरतानाच कळते.

इथे ती विस्मरणातली तिसरी वाट पुन्हा दिसू लागते. घरी राहून अनुदानित महाविद्यालयात बीएस्सी करायची, खर्च फक्त शेवटच्या एका वर्षाचा. एकूण वर्षे बीपीएमटीइतकीच, पैसे बरेच कमी. पण या वाटेवर आता एक नवा खड्डा आहे.

नव्या कायद्याने काय बदलले?

संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या परिषदा जुन्या होत्या. टेक्निशियनसाठी देशपातळीवर असे काही नव्हते. महाराष्ट्राने त्याआधी २०११ च्या अधिनियमाने राज्यापुरती परावैद्यक परिषद आणली होती. केंद्राच्या कायद्याने दहा गटांत व्यवसायांची वर्गवारी केली आणि किमान शिक्षण ठरवले. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास.

एक वर्षाचा डीएमएलटी या व्याख्येत अक्षरशः बसत नाही. सहा महिन्यांची ‘लॅब असिस्टंट’ प्रमाणपत्रे तर फारच दूर राहिली. त्यामुळे आज प्रवेश घेणाऱ्याने संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर विसंबून न राहता, या अभ्यासक्रमावर नोंदणी मिळेल का, हे परिषदेकडे लेखी विचारणे शहाणपणाचे. होर्डिंगवरचा ‘शासनमान्य’ हा शब्द फार लवचीक आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली असली तरी तो छापला जातो.

स्वतःची लॅब टाकता येईल?

अनेक घरांत सगळे गणित याच वाक्यावर उभे असते : ‘चार वर्षे नोकरी, मग स्वतःची लॅब’. नमुना घेणे, तपासणी करणे हे टेक्निशियनचे काम. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पॅथॉलॉजी अहवालावर सही करण्याचा अधिकार पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरलाच आहे. तरीही नियमांना बगल देणाऱ्या लॅब गावोगावी दिसतात. कोऱ्या लेटरहेडवर सह्या देणारे डॉक्टरही असतात आणि कारवाई झाली की दोघेही अडकतात. त्यामुळे ‘स्वतःची लॅब’ याचा कायदेशीर अर्थ पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्टसोबत भागीदारी किंवा एखाद्या मोठ्या साखळीचे कलेक्शन सेंटर. सेंटरमध्ये कमिशन मिळते, लॅबचा नफा नाही. हा फरक कर्ज काढण्याआधी लक्षात घ्यायला हवा.

परदेशाचे काय?

आखातात जायचे तर प्रमाणपत्रांची डेटाफ्लो पडताळणी, प्रोमेट्रिकसारखी परीक्षा आणि अनुभव लागतो. तिथे पदवीचे वजन नक्कीच वाढते. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला. प्रायोगिक तत्त्वावर १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याच्या त्या योजनेत नर्ससोबत वैद्यकीय सहायक, प्रयोगशाळा सहायक आणि रेडिओलॉजी सहायकांचाही समावेश आहे. पण अडथळा हुद्द्याचा नसून भाषेचा आहे. जर्मन शिकायला लागणारे महिने आणि त्या काळात बुडणारा पगार हिशेबात धरावाच लागतो.

प्रवेशाआधी तपासायच्या गोष्टी

महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या यादीत ते महाविद्यालय आणि तो अभ्यासक्रम दोन्ही आहेत का, हे आधी पाहावे. त्यावरून मान्यतेचाही अंदाज येतो. राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. कर्ज घ्यायचे नसले तरी. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे बँकेचा अधिकारी संस्थेच्या समुपदेशकापेक्षा जास्त काटेकोरपणे तपासतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रात्यक्षिके कुठे होतात. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, नसेल तर करार कोणाशी आहे, तिथे दिवसाला किती नमुने येतात? जांभळ्या झाकणाची नळी सीबीसीसाठी आणि राखाडी झाकणाची साखरेसाठी, हे पुस्तकातून पाठ होते. निर्जलीकरण झालेल्या म्हाताऱ्या रुग्णाची नस शोधणे मात्र पाठ होत नाही. हिपॅटायटिस बीची लस विद्यार्थ्यांना कोण देते, सुई टोचली तर पुढची जबाबदारी कोणाची, हेही विचारावे. मुलाखतीला आलेल्या पालकांपैकी क्वचितच कोणी हे विचारतो. आणि संस्थेने दाखवलेल्या ‘प्लेसमेंट’च्या यादीऐवजी गेल्या वर्षीच्या बॅचमधील चार मुलांचे फोन नंबर मागावेत. पहिला पगार हातात किती आला, रोख की खात्यात आणि पीएफ कापला जातो का, एवढे तीनच प्रश्न पुरतात.