आधी वनस्पती, मग मासे

तलावातली मासळी कमी झाली की नेहमीचा उपाय ठरलेला असतो. बाहेरून मत्स्यबीज आणायचं आणि पाण्यात सोडायचं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या मासेमारांनी मात्र आपल्या तलावांत आधी पाणवनस्पती लावल्या. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली, उघडा पडलेला तळ नांगरून मोकळा केला आणि पाऊस लागल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेली चांगली झाडं तिथे रोवली. मनीष राजनकर आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने त्यांच्यासोबत हे काम उभं केलं. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यात बायकांचे गट आणले. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणती खातो आणि कोणत्या आडोशाला पिल्लं वाढवतो, हे जुन्या मासेमारांना पाठ होतं. त्या माहितीवरच झाडं निवडली गेली. वनस्पती रुजल्या, तसे गावठी मासे परतले, पाणपक्षी परतले आणि जाळ्यात येणारी मासळीही वाढली.

घरात फिश टँक ठेवणाऱ्यांसाठी याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. शिवाय त्या तलावांत लावलेल्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया आणि सेराटोफायलम या वनस्पती म्हणजे जगभरच्या अॅक्वेरियमवाल्यांची जुनी, भरवशाची झाडं आहेत. शहरातल्या दुकानात प्लास्टिकच्या कुंडीत जे रोप पैसे मोजून घ्यावं लागतं, ते गोंदियाच्या माणसाच्या गावाशेजारी पाण्याखाली आपोआप वाढत असतं.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण तलावांची परंपरा दोन्हीकडे एकच. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे उताराच्या जमिनीवर पाळी घालून पाणी अडवलं. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. पुढे मालगुजारांच्या ताब्यात असल्यामुळे या जलाशयांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असं नाव पडलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाने मिळून त्यांची निगा राखण्याची जुनी पद्धत ढिली पडली. गाळ साचला, कडेने बेशरम माजली. वेगाने वाढणाऱ्या माशांच्या योजना आल्या आणि त्यांच्याबरोबर गवत्याही आला. हा मासा पाणवनस्पतींवरच जगतो. वनस्पती गेल्या की छोट्या माशांचं घर जातं, हे ढिवरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

काचेच्या टाकीतही नेमकं हेच घडतं. बहुतेक घरांत आधी मासे येतात, मग रंगीत खडे, मग प्लास्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. महिनाभरात पाणी गढूळ होतं, मासे वर येऊन तोंड उघडमिट करू लागतात आणि शेवटी रिकामी टाकी माळ्यावर जाते.

यामागचं कारण साधं आहे. मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य कुजतं, त्यातूनही अमोनियाच तयार होतो आणि तो माशांसाठी विषारी असतो. नव्या टाकीत हे विष पचवणारे जिवाणू नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच असतं. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. जिवंत वनस्पती हा सगळा वळसा टाळतात. बऱ्याच पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियाच्या रूपातला नत्र जास्त आवडतो, म्हणून त्या तो थेट पाण्यातून शोषून घेतात. ज्या टाकीत झाडं पहिल्या दिवसापासून जोमात असतात, तिथे जिवाणूंची फौज उभी राहीपर्यंतचा धोक्याचा काळ निभावून जातो.

झाडांच्या सोबतीने मासे काचेच्या पात्रात टिकतात का, हे नीट तपासून पाहिलं ते रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. एका मोठ्या काचपात्रात त्याने दोन छोटे गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिसनेरियाची रोपं लावली. काही दिवस बरे गेले. मग रोपांची जुनी पानं कुजू लागली, पाणी खराब झालं, काचेवर हिरवा थर चढला. त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला, पाणी निवळलं आणि ते पात्र पाणी न बदलता चालू राहिलं. १८५० मध्ये त्याने हे निष्कर्ष केमिकल सोसायटीपुढे मांडले. तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. वॉरिंग्टनच्या प्रयोगाचा खरा नायक व्हॅलिसनेरिया होता, आणि तो अर्जुनी मोरगावच्या तलावांतही आहे.

या वनस्पतीकडे थोडं थांबून पाहायला हवं. पानं लांब फितीसारखी, पाण्यात सरळ उभी राहणारी. नर आणि मादी झाडं वेगवेगळी. मादी फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येतं. नर फुलं तळाशी सुटतात, वर तरंगतात आणि वाऱ्यावर हलत मादी फुलाला भिडतात. परागण झालं की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. टाकीत मात्र तिची वाढ मुख्यतः धावत्या खोडाने होते. एक रोप लावलं की त्याच्या बाजूला दुसरं, मग तिसरं अशी रांग लागते. लावताना एकच काळजी घ्यायची. पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीवर उघडा राहिला पाहिजे. तो गाडला की रोप सडतं.

हायड्रिला शाळेच्या प्रयोगशाळेमुळे ओळखीची असते. चंचुपात्रात उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी आणि उन्हात ठेवल्यावर वर चढणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. चांगल्या प्रकाशात टाकीतही तिच्या पानांवर असेच मोती चढतात. सेराटोफायलमला मुळंच नसतात. ती सैल तरंगते, सगळं पोषण पानांवाटे घेते आणि भराभर वाढते. नवी टाकी सावरण्यासाठी तिच्याइतकी उपयोगी वनस्पती क्वचितच मिळेल. या तिघींचा आणखी एक गुण गोंदियातल्या बोअरवेलच्या घरांना उपयोगी पडतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर त्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवू शकतात. त्यामुळे गॅसचा सिलिंडर न लावताही त्या तगतात.

गेल्या चाळीस वर्षांत सजवलेल्या टाकीची कल्पना ज्याने बदलली, तो जपानचा ताकाशी अमानो. १९५४ मध्ये जन्मलेल्या या छायाचित्रकाराने दगड, ओंडके आणि बारीक हिरवळ यांतून टाकीत डोंगरदऱ्या उभ्या केल्या आणि त्यांच्या छायाचित्रांनी जगभरचे लोक या छंदाकडे वळले. २०१५ मध्ये तो गेला. त्याच्या पद्धतीच्या टाक्या अतिशय देखण्या असतात, पण त्यांना तीव्र प्रकाश, गॅस, खतं आणि रोजची कात्री लागते. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दुसरी वाट मांडली. खाली साधी माती, वर वाळू, भरपूर झाडं, थोडे मासे आणि कमीत कमी यंत्रं. गोंदियासारख्या ठिकाणी, जिथे वीज जाते आणि महागड्या वस्तू नागपूरहून मागवाव्या लागतात, तिथे वॉलस्टॅडची वाटच शहाणपणाची आहे.

मातीचं तर या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. धानाच्या बांधीत पाणी साचलं की तळाशी हवा उरत नाही. तरी धानाचं रोप मरत नाही, कारण त्याच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून ऑक्सिजन मुळांपर्यंत जातो. व्हॅलिसनेरियाही आपल्या मुळांना अशीच हवा पुरवते. टाकीचा तळ म्हणजे एक छोटी बांधीच. मात्र माती नुकत्याच खत घातलेल्या शेतातली नसावी. युरिया आणि शेणखत यांतून अमोनियाचा लोंढा सुटतो. बागेतली जुनी, खत न घातलेली माती चाळून एक ते दीड इंच पसरायची आणि तिच्यावर धुतलेल्या जाड वाळूचा इंचभर थर द्यायचा. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवली की थर ढवळत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. पाणी, काच आणि वाळू मिळून वजन ७० किलोंच्या पुढे जातं, म्हणून खालचं टेबल मजबूत हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून वापरावं. प्रकाशासाठी पांढरा एलईडी दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, कारण शेवाळाला तेच हवं असतं. दुकानात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच द्रवांत ग्लुटराल्डिहाइड असतं आणि व्हॅलिसनेरिया त्याने विरघळल्यासारखी कोमेजते. ती बाटली या टाकीत घालू नये.

गोंदियातली खरी कसोटी मे महिन्यात लागते. पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पाणी तापतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांना तो सातच्या आसपास येतो. त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. दिवसा झाडं ऑक्सिजन देतात, पण रात्री तीही श्वसन करतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत अवघड. उपाय सोपे आहेत. टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. रात्री हवेचा पंप चालू ठेवायचा आणि वीज गेली तरी चालणारा बॅटरीचा पंप घरात असू द्यायचा. उन्हाळ्यात खाद्य कमी घालावं आणि नवे मासे आणू नयेत. फ्रीजचं गार पाणी एकदम ओतणं तर मुळीच नको.

मासे सोडायचे ते झाडांनी नवी पानं धरल्यावर, आणि तेही थोडे थोडे. दोन फुटांच्या टाकीत आठ-दहा लहान मासे पुरेत. गोल्डफिश मुळं उकरतो आणि कोवळी पानं खातो, म्हणून तो इथे नको. झेब्रा डॅनियो हा मूळचा आपल्या उपखंडातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर संशोधन करतात आणि घरच्या टाकीत तो थव्याने सुरेख पोहतो. रास्बोरा आणि छोटे पुंटियसही झाडांत खुलतात. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य दिवसातून एकदा घालावं आणि आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं.

तलावातून रोपं आणायची असतील तर आधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारावं. तलाव त्यांच्या कष्टावर जिवंत राहतो. नवेगाव राष्ट्रीय उद्यानातून आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून काहीही उचलू नये. मूठभर रोपं पुरतात. ती घरी आणून बादलीत आठवडाभर वेगळी ठेवावी, रोज हलवून धुवावी. पानांत चतुराच्या अळ्या दडलेल्या असतात आणि त्या लहान माशांची शिकार करतात.

उलटा प्रवास मात्र कधीच होऊ नये. १९५० च्या दशकात अॅक्वेरियमच्या व्यापारातून श्रीलंकेची हायड्रिला अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली, कालव्यांत टाकली गेली आणि तिथल्या जलाशयांची डोकेदुखी बनली. तीच वनस्पती गोंदियाच्या तलावात माशांचं अन्न आहे. आपल्याकडे जलपर्णी शोभेची वनस्पती म्हणूनच आली होती. काचा साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो मोठा झाला, टाकीत मावेना, की लोक नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात तो आता मासेमारांच्या जाळ्यांत सापडतो. मामा तलावांत तो शिरला तर ढिवरांनी वर्षानुवर्षं केलेल्या मेहनतीवर पाणी पडेल.

म्हणून टाकी बंद करायची वेळ आली, तर मासे दुसऱ्या छंदी माणसाला किंवा दुकानदाराला द्या आणि झाडं उन्हात पूर्ण वाळवून खतात घाला. गावच्या तलावात, नाल्यात किंवा विहिरीत टाकीतलं काहीही सोडू नका.