छोट्या विमानाचे ढिले स्क्रू

रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानाची मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते. त्या थरथरीने स्क्रूच्या आट्यांची पकड पुन्हापुन्हा सुटते आणि तो केसाकेसाने उलटा फिरतो. जास्त आवळणे हा उपाय नव्हे. तीन मिलिमीटरच्या स्क्रूचे आटेच मरतात.

मोटारीच्या माउंटसारख्या ठिकाणी, जिथे धातूत धातू बसतो, तिथे थ्रेडलॉकर वापरावा. १९५३ साली अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी शोधलेला हा द्रव हवेत पातळच राहतो; हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. (म्हणून तर त्याची बाटली मुद्दाम अर्धवट भरतात, दुकानदाराने फसवलेले नसते!) आधी आट्यांवरचे तेल स्पिरिटने पुसावे, इवलासा थेंब लावावा, रात्रभर थांबावे. निळा किंवा जांभळाच घ्यावा. लाल लावलात, तर तापवल्याशिवाय स्क्रू निघत नाही आणि जोर लावून डोक्याची खाच मात्र झिजते.

प्लास्टिकजवळ हा द्रव नेऊच नये. पॉलीकार्बोनेट, एबीएस यांना त्याने तडे जातात. लाकडात स्क्रू बसवायचा असेल, तर एकदा फिरवून काढावा, भोकात पातळ सायनो गोंदाचा (सुपरग्लूचा) थेंब सोडावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच स्क्रू परत लावावा.