पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताय?

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी रोज रस्त्यावर काढणाऱ्यांसाठी ही पोस्ट. पॉइंट घासणं, फीलर गेजने गॅप लावणं, पावसाळ्यात कंडेन्सर बदलणं यातून सुटका हवी असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारं हॉल सेन्सरचं मॉड्यूल घ्या. शाफ्टवर चुंबकाची कडी, शेजारी सेन्सर, घासणारा भाग एकही नाही. रोज चालणाऱ्या १०८९ सीसी इंजिनाला रेसिंगच्या महागड्या सीडीआय बॉक्सची काहीच गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवून बघा. बुश झिजला असेल तर टायमिंग डळमळणारच, कितीही भारी किट लावा.

मॉड्यूल जळण्यामागे बहुतेक वेळा कॉइल असते. मल्टिमीटरने तिचा प्रायमरी रेझिस्टन्स मोजा. बॅलास्ट रेझिस्टर नसेल तर तो साधारण ३ ओम हवा. दीड ओमची कॉइल थेट जोडली की करंट जास्त जातो आणि मॉड्यूल तापतं. बॅलास्ट असेल तर मॉड्यूलला त्याच्या आधीच्या वायरवरून पूर्ण १२ व्होल्ट द्या. अर्थिंग घासून स्वच्छ करा. प्लगच्या वायरी सप्रेशनवाल्याच घ्या, नुसत्या तांब्याच्या तारेच्या नकोत. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकू नका.

बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावा. जुनी पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर डिकीत राहू द्या. घाटात मॉड्यूल गेलं तर कुठलाही जुना मेकॅनिक तेवढ्यावर गाडी चालू करून देतो.