ई-२० : टाकीत नेमकं काय पडतं?

नाव आणि प्रमाण. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल, ८० टक्के पेट्रोल. ई-१० म्हणजे दहा-नव्वद.

वाटचाल. जानेवारी २००३ : नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण. जून २०२२ : देशभर सरासरी १० टक्के. फेब्रुवारी २०२३ : ई-२० पंपांवर. २० टक्क्यांची मूळ मुदत २०३०. ती पाच वर्षं अलीकडे आणली.

कच्चा माल. उसाचा रस, मळी, मका, तुकडा तांदूळ. महाराष्ट्रात मुख्यतः साखर कारखान्यांच्या आसवन्या.

मायलेज. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. ई-२० वापरल्यास किती घट, याचा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज :
- शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेली, ई-१० वर जुळवलेली चारचाकी : ६-७ टक्के घट
- तशीच दुचाकी : ३-४ टक्के
- ई-१० साठी घडवलेली, ई-२० वर जुळवलेली चारचाकी : १-२ टक्के

जमेची बाजू. इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८. इंजिनाचं 'नॉकिंग' कमी होतं. फायदा पुरता मिळतो तो त्यासाठी जुळवलेल्या इंजिनालाच.

रबर आणि पाणी. जुन्या गाड्यांतले काही रबरी पाइप, सील, गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल ओलावाही शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं, की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, हे लक्षात ठेवायचं.

आपली गाडी कोणती? एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकणारे. त्याआधीची असेल तर मालक-पुस्तिका पाहावी. ती बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात, न उघडलेली असते.