स्कोमर : पोखरलेल्या मातीखालची वसाहत

वेल्सच्या पेम्ब्रोकशर किनाऱ्यालगतच्या स्कोमर बेटाचे क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरही भरत नाही. दुपारी तिथे गेलेल्या माणसाला पफिन दिसतात, कड्यांवर दाटीवाटीने बसलेले गिलेमॉट दिसतात. पण संख्येने बेटावरचा सर्वांत मोठा रहिवासी दिसत नाही. मँक्स शिअरवॉटरच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या इथे वीण करतात, आणि त्या एकतर जमिनीखाली असतात किंवा दूर समुद्रावर.

या पक्ष्याचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात. पाण्यात बुडी मारताना ही ठेवण कामाची, जमिनीवर मात्र त्याला धड उभेही राहता येत नाही. छातीवर सरपटत तो बिळाकडे जातो. काळ्या पाठीचे मोठे कुरव अशा सावजाच्या शोधातच असतात. म्हणून शिअरवॉटर काळोख पडल्यावरच किनाऱ्याला लागतात आणि चांदण्या रात्री शक्यतो टाळतात. अमावास्येच्या सुमारास त्यांच्या घोगऱ्या ओरडण्याने सारे बेट दणाणून जाते. मादी वर्षाला एकच अंडे घालते. ते सुमारे ५० दिवस नर-मादी आळीपाळीने उबवतात. पिल्लू आईबापांपेक्षाही जड होते, आणि पंख फुटले की कोणाच्याही सोबतीविना थेट अर्जेंटिनाच्या समुद्राची वाट धरते.

बिळे शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी आणलेल्या सशांनीही खोदली आहेत. त्यामुळे माती इतकी पोकळ झाली आहे की पायवाट सोडून टाकलेले एक पाऊल अंड्यासकट घर गाडू शकते. बेट १९५९ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे; पायवाट सोडायला इथे सक्त मनाई आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे बेटावर उंदीर नाहीत. बोटीतून गाभण असलेली एक उंदरीण उतरली, तरी बिळांतली अंडी-पिल्ले धोक्यात येतील. जवळच्या रॅमसे बेटावरचे उंदीर १९९९-२००० च्या हिवाळ्यात संपवले गेले, तेव्हा तिथे शिअरवॉटरच्या हजाराहून कमी जोड्या होत्या. २०१६ पर्यंत त्या चार हजारांच्या पुढे गेल्या. समुद्रपक्ष्यांसाठी माणसाने केलेल्या कामांत याइतके फळ देणारे काम क्वचितच सापडेल.

समुद्रावर मात्र असा पहारा बसवता येत नाही. १९३० च्या दशकात स्कोमरवर सुमारे एक लाख गिलेमॉट होते. १९७० च्या सुमारास दोनेक हजार उरले. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांचे तेल हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. पक्षीशास्त्रज्ञ टिम बर्कहेड यांनी १९७२ पासून इथल्या गिलेमॉटना कडी घालून त्यांच्या जगण्या-मरण्याची नोंद ठेवली. पुढे संख्या वीस हजारांवर गेली. २०१४ च्या हिवाळी वादळांत अटलांटिकच्या किनाऱ्यांवर हजारो समुद्रपक्षी मरून पडले, आणि नेमका त्याच सुमारास या अभ्यासाचा सरकारी निधी थांबला. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची हानी भरून यायला अनेक वर्षे लागतात. ती मोजायची तर नोंदींत खंड पडून चालत नाही. अखेर बर्कहेड यांनी लोकवर्गणी उभारून काम चालू ठेवले.