संप गेला नाही, तारखांत अडकला

जबलपुरात कुणी ‘मी फॅक्टरीत आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या? 1904 ची गन कॅरेज, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली खमरियाची दारूगोळ्याची, लष्करी ट्रक बांधणारी व्हेईकल, की ओतकामाची ग्रे आयर्न फाउंड्री? 30 सप्टेंबर 2021 पर्यंत या चौघींचा मालक एकच होता, ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड. दुसऱ्या दिवशी बोर्ड विसर्जित झालं आणि देशभरातले 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. जबलपूरचे चार कारखाने चार कंपन्यांकडे गेले. त्यांची मुख्यालयं कानपूर, पुणे, चेन्नईजवळचं आवडी आणि नागपूर इथं आहेत. 1956 पर्यंत नागपूर ही जबलपूरचीही राजधानी होती. फाउंड्रीपुरतं ते पुन्हा खरं झालं म्हणायचं.

या बदलाचा धुरळा बसतो न बसतो तोच 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांत विरघळले. दोन्ही गोष्टी एकामागोमाग आल्यामुळे बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. कंपनी झाली म्हणून संप गेला, संहिता आली म्हणून सरकारी नोकरी गेली, असं काहीही कानावर येतं. नोकरीचा मुद्दा आधी निकालात काढू. बोर्डाचे कर्मचारी नव्या कंपन्यांत ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर, म्हणजे कागदोपत्री उसने, पाठवले गेले. सुरुवातीला दोन वर्षांसाठी, आणि पुढे ती मुदत वाढवली गेली. कारखाना कंपनीचा आणि माणूस केंद्र सरकारचा, अशी ही विचित्र जोडी आहे. तिचा संहितांशी संबंध नाही.

‘संपावर बंदी आली’

बंदी आलेली नाही. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच जुना आहे. संप हा आपला मूलभूत हक्क आहे असं पुष्कळ कार्यकर्ते मनापासून मानतात. संघटना बांधण्याचा हक्क राज्यघटनेत आहे, संपाचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे साठच्या दशकाच्या सुरुवातीला बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं आणि 2003 मध्ये तामिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा, जरा कठोरपणे, सांगितलं. संप हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि त्याच्या अटीही कायदाच घालतो.

बदल झाला आहे तो या अटींत. पूर्वी लेखी नोटिशीची सक्ती फक्त सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांना होती, म्हणजे रेल्वे, पाणी, वीज वगैरे. आता औद्योगिक संबंध संहितेच्या 62 व्या कलमानं ती सरसकट सगळ्या उद्योगांना लागू केली आहे. त्यातही एक चूक सर्रास होते: ‘साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागते.’ कायदा तसं म्हणत नाही. नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबायचं, आणि नोटीस साठ दिवसांहून शिळी होऊ द्यायची नाही. म्हणजे संप करता येतो तो पंधराव्या ते साठाव्या दिवसाच्या दरम्यान. साठ हा आकडा नोटिशीचं आयुष्य सांगतो.

एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. खरी गाठ पुढे आहे. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्यानं पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरलं जातं. ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. चौदा दिवसांत एक बैठक घेणं अवघड नसतं. समेट फसला तर कुठलाही पक्ष न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. ‘कुठलाही’ यात मालकही आला. पूर्वी वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही हे साधारणपणे सरकार ठरवत असे. आता मालकाच्या अर्जानंही ते दार उघडतं. आणि न्यायाधिकरणात प्रकरण असेपर्यंत, शिवाय निकालानंतर साठ दिवस, पुन्हा संप बेकायदा. ज्यांनी एकदा तरी औद्योगिक न्यायालयाच्या तारखा मोजल्या आहेत त्यांना ‘प्रकरण असेपर्यंत’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत असं आहे की संप कायद्यात शाबूत आहे, पण त्याचा दिवस आता कामगारांच्या हातात राहिलेला नाही. ‘बंदी आली’ अशी घोषणा देणाऱ्यांनी हे बारकाईनं वाचलं तर त्यांना अधिक नेमकी तक्रार सापडेल. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही आता संपच मानला जातो. बेकायदा संपाचा दंड जुन्या कायद्यात 50 रुपये होता. आता तो 1,000 ते 10,000 रुपये आहे. एक महिन्यापर्यंतची कैद पूर्वीही होती, आताही आहे.

ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते ते जबलपूरनं पाहिलं आहे, तेही संहितांच्या आधी. बोर्डाच्या कंपनीकरणाविरुद्ध डाव्यांचं, इंटकचं आणि भारतीय मजदूर संघाचं अशी तिन्ही संरक्षण कामगार महासंघं एकत्र आली, जे रोज घडत नाही. 12 ऑक्टोबर 2020 पासून बेमुदत संप ठरला. तीन दिवस आधी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर समेट झाला आणि संप पुढे ढकलला गेला. 16 जून 2021 रोजी मंत्रिमंडळानं कंपनीकरणाला मंजुरी दिली. महासंघांनी 26 जुलैची तारीख धरली. 30 जूनला संपाला मनाई करता येईल असा अध्यादेश आला, आणि पुढे त्याचाच कायदा झाला.

‘त्या कायद्यानं संरक्षण कारखान्यांत संप कायमचा गुन्हा झाला’

अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा 2021 कडक होता यात शंका नाही. मनाई मोडून संपात गेलं तर एक वर्षापर्यंत कैद, चिथावलं तर दोन वर्षं, आणि वॉरंटशिवाय अटक. ओव्हरटाइम नाकारणंही संपाच्या व्याख्येत बसवलं होतं. पण कायद्यातच लिहिलं होतं की तो राष्ट्रपतींच्या संमतीपासून एक वर्ष टिकेल. ऑगस्ट 2022 मध्ये तो संपला. अध्यादेशाचं हत्यारही नवं नाही. जुलै 1960 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या वेळी सरकारनं हेच केलं होतं, आणि त्या लढ्याच्या नेत्यांत एस. एम. जोशी होते. संरक्षण कामगारांच्या महासंघाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं होतं.

‘युनियन मोडीत काढल्या’

इथं मला संहितेची थोडी बाजू घ्यावी लागते. 1926 च्या कायद्यानं युनियनची नोंदणी होत असे, पण मालकानं तिच्याशी बोललंच पाहिजे अशी सक्ती केंद्रीय कायद्यात कुठेही नव्हती. ही उणीव कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर 1943 मध्ये सक्तीच्या मान्यतेचं विधेयक मांडलं. 1947 मध्ये तशी दुरुस्ती मंजूरही झाली, पण ती अंमलात आणलीच गेली नाही. महाराष्ट्रानं 1971 च्या कायद्यानं 30 टक्के सदस्यत्वावर मान्यतेची सोय केली. मध्य प्रदेशातही 1960 च्या कायद्यात ‘प्रातिनिधिक युनियन’ होती. तिची कल्पना मुंबईत गिरणी कामगारांना चांगली ठाऊक आहे, 1982 च्या संपात ती किती जाचक ठरली त्यासकट.

नव्या संहितेमुळे केंद्रीय कायद्यातली ही मान्यता पहिल्यांदाच अंमलात आली. हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला असेल ती एकमेव वाटाघाटी युनियन. तसं कुणीच नसेल तर वाटाघाटी परिषद, आणि तिच्यात दर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. समजा एका कारखान्यात तीन युनियन आहेत, 45, 40 आणि 15 टक्क्यांच्या. पहिल्या दोघींना प्रत्येकी दोन जागा मिळतील. तिसरीला काही नाही. मोडीत निघाली असलीच तर ती ही तिसरी. आणि 51 टक्क्यांची युनियन असेल तर 49 टक्के कामगारांच्या वतीनं टेबलावर कुणी बसत नाही.

मला यातला ‘हजेरीपट’ हा शब्द जास्त खटकतो. ठेकेदारामार्फत आलेला माणूस त्याच भिंतीआड, त्याच भोंग्यावर काम करतो, पण त्याचं नाव ठेकेदाराच्या पटावर असतं. मग कारखान्याच्या मोजणीत तो कुठं धरायचा?

‘तीनशेच्या आत असाल तर उद्या घरी, हातात शून्य’

कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी पूर्वी 100 कामगारांपासून लागत असे, आता 300 पासून लागते. राजस्थाननं हे 2014 मध्येच करून टाकलं होतं. पण परवानगी वेगळी आणि भरपाई वेगळी. वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला कमी करताना छोट्या कारखान्यालाही एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागतो. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचं वेतन मिळायचं आहे, कपातीनंतर 45 दिवसांत. पंधरा दिवसांचा हा दर मात्र 1953 पासून हललेला नाही, आणि यावर मोर्चे निघालेले मी पाहिले नाहीत.

‘युनियन नसेल तर एकट्यानं काय करायचं?’

एकट्याचा वाद हा औद्योगिक वाद ठरतो का, या प्रश्नाचं एक उत्तर याच मुलखातून आलं होतं. नागपूरच्या एका वाहतूक कंपनीनं काढून टाकलेल्या एका मराठी कर्मचाऱ्यानं एकट्यानंच दाद मागितली, आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1956 मध्ये निकाल लागला तो कर्मचाऱ्याच्या बाजूनं, कारण मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा 1947 चा कायदा, जो जबलपूरलाही लागू होता, एकट्याला दार उघडं ठेवत होता. केंद्रीय कायद्यात मात्र युनियन किंवा काही सहकारी पाठीशी लागत. तिथं एकट्याला वाट 1965 च्या दुरुस्तीनं मिळाली.

संहितेत ती वाट कायम आहे. बडतर्फ झालेला कामगार समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि 45 दिवसांनंतर थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. जबलपुरात केंद्र सरकारचं औद्योगिक न्यायाधिकरण आहेच, त्यामुळे दिल्ली गाठावी लागत नाही. फरक पडला तो मुदतीत. पूर्वी तीन वर्षं होती, आता दोन. साहेब परत घेतील, अपील वर गेलंय, निवडणुकीनंतर बघू, असं करत तीन वर्षं घालवणारे कमी नव्हते. आता एक वर्ष आधीच फाइल बंद. नोकरीत असतानाच्या तक्रारींसाठी वीस किंवा जास्त कामगारांच्या जागी तक्रार निवारण समिती हवी, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, आणि निर्णय तीस दिवसांत. पण तिचा निर्णय पटला नाही तर पुढे समेट अधिकाऱ्याकडे जायचं ते युनियनमार्फत. म्हणजे काढून टाकलेल्याला एकट्याची वाट आहे, आणि कामावर असलेल्याला युनियनची. ही मांडणी कुणाला सुचली कोण जाणे.

राहिल्या विड्या वळणाऱ्या बायका. जबलपूरचा विडीधंदा जुना आहे. ‘विडी कामगारांचा 1966 चा कायदाच गेला’ हे त्यांना सांगितलं जातं, आणि ते अर्धं खरं आहे. कायदा रद्द झाला, त्यातल्या तरतुदी व्यावसायिक सुरक्षा संहितेत वेगळ्या भागात आल्या. किमान वेतन तर विडीला 1948 पासूनच लागू आहे. ज्या गोष्टीचं त्यांना खरंच नुकसान झालं ती संहितांच्या कितीतरी आधी घडली: 2017 मध्ये जीएसटी येताना विडीवरचा कल्याण उपकर गेला, ज्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. घरी बसून हजाराच्या हिशेबानं विड्या वळणारी बाई ठेकेदाराकडून पानं आणि तंबाखू घेते आणि संध्याकाळी विड्या मोजून देते. 51 टक्क्यांसाठी तिला मोजायचं झालं तर आधी तिचं नाव कुठल्या तरी पटावर चढायला हवं.