बाणांच्या गर्दीतला मधला बाण

बिरवाडीसारख्या गावात मूल दहावीत गेलं की आधी मैदान सुटतं, मग सायकल. वेळ वाचला, असा घरच्यांचा हिशोब. तो कुठे चुकतो, हे एका साध्या चाचणीतून दिसतं. पडद्यावर पाच बाण ओळीने येतात. मधल्याचं तोंड कुठे आहे, तेवढंच सांगायचं. बाजूचे चार उलट्या दिशेला असले की मेंदूला ते बाजूला सारावे लागतात. परीक्षेतही हेच करावं लागतं. 2004 साली कोलकोंब, क्रेमर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 29 वयस्कांना सहा महिने व्यायाम दिला, काहींना भरभर चालायचा, काहींना नुसता अंग ताणण्याचा, आणि स्कॅनरमध्ये ही चाचणी घेतली. चालणाऱ्यांमध्ये लक्ष सांभाळणारे पुढचे व वरचे भाग अधिक जागे झाले, तर ‘गोंधळ आहे’ असं कळवणारा आतला पट्टा शांत राहिला. म्हणजे मेंदू जास्त चालला की कमी? प्रश्नच चुकीचा आहे. शेजारच्या एमआयडीसीत पॅनलवर बसणाऱ्याला हे सहज कळेल: ज्याचा हात वेळीच व्हॉल्व्हवर जातो, त्याच्या पाळीत अलार्म कमी वाजतो.

माणसं थोडी आणि तीही म्हातारी, मुलांचं काय, ही शंका रास्त आहे. संशोधक हिलमन यांनी 2009 मध्ये नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांना वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं. त्यानंतर बाणांची उत्तरं अधिक बरोबर आली आणि लक्षाशी जोडलेली मेंदूतली विद्युतलहर मोठी दिसली. संख्या इथेही लहानच. आणि खरा धक्का पुढे आहे. 2015 च्या ‘लाइफ’ या प्रयोगात 70 ते 89 वयाच्या 1,635 जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम दिला, बाकीच्यांना आरोग्याची माहिती. बुद्धीच्या कसोट्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. 2023 च्या एका मोठ्या आढाव्यानेही सांगितलं की अनुकूल निकालच छापून येण्याचा कल वजा केला, तर व्यायामाचा बुद्धीवरचा परिणाम फारच छोटा उरतो. तेव्हा ‘पळा आणि हुशार व्हा’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण दावा लहान झाला म्हणून मैदान बंद करणाऱ्याची बाजू खरी होत नाही. त्याला सिद्ध करायचंय की खेळाच्या अर्ध्या तासाने गुण घसरतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2010 मध्ये अभ्यास गोळा करून पाहिले, तेव्हा शाळेतला खेळाचा वेळ वाढवल्याने अभ्यास मागे पडल्याचं दिसलं नाही. आणखी एक आक्षेप उरतो, पाचाडहून रायगड चढताना कुणाला बेरीज तरी सुचते का? नाहीच सुचत. धाप लागली असताना शरीर अंगमेहनतीलाच पुरवठा करतं, मेंदूच्या पुढच्या भागाचा वाटा तेवढ्यापुरता घटतो, असा एक अंदाज संशोधक मांडतात. म्हणून पायऱ्यांवर पाढे म्हणून घेण्यात अर्थ नाही. हिलमन यांनीही मुलं ट्रेडमिलवरून उतरताच बाण दाखवले नव्हते. छातीचे ठोके जवळपास जागेवर येईपर्यंत ते थांबले होते.